ऑस्बोर्न, आइल ऑफ वाइट: जुना नकाशा हातात घेऊन पाहायची इस्टेट

ऑस्बोर्न, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट या बेटावरचा राणी व्हिक्टोरियाचा वाडा, पाहून आलेल्या माणसाला काय पाहिलंत म्हणून विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं: दरबार रूम, भारतीय शैलीत सजवलेली खोली. ती खोली पाहण्यासारखी आहेच. पण इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेचं तिकीट काढल्यावर तुमच्या हाती वाड्याइतकीच मोठी दुसरी गोष्ट येते आणि ती बहुतेकांच्या हातून निसटते. समुद्राकडे उतरत जाणारी जमीन, तिच्यावर हिशेबाने लावलेली झाडं, बग्ग्यांचे रस्ते, गच्च्या, मुलांची शेती, खाजगी किनारा, हे सगळं एकाच माणसाच्या, राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्टच्या, डोक्यातून आलं आणि बरंचसं अजून जागेवर आहे. व्हिक्टोरियन काळातली किनाऱ्यावरची इस्टेट कशी रचायचे हे समजून घ्यायचं असेल, तर सर्वसामान्यांना इतकी मोकळी आणि इतकी राखलेली जागा मिळणं अवघड आहे. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे, ज्यांना ती जागा नोंदवहीत उतरवून घ्यायची आहे: वास्तुसंवर्धनाचे विद्यार्थी, बागा-झाडांचा अभ्यास करणारे, किंवा सुट्टीत एक अख्खा दिवस मोकळा असलेलं चौकस मराठी कुटुंब.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी ही जागा लेडी इसाबेला ब्लॅचफोर्ड यांच्याकडून १८४५ साली विकत घेतली. जुनं घर लहान पडलं, म्हणून शेजारीच नवं बांधलं आणि मग जुनं पाडलं. नव्या घरासाठी अल्बर्टने नामांकित आर्किटेक्ट गाठला नाही. लंडनमध्ये बेलग्रेव्हिया हा भाग वसवणारा बांधकाम व्यावसायिक थॉमस क्युबिट त्याच्या जोडीला होता. राजकुटुंबाचा पॅव्हिलियन १८४६ च्या सप्टेंबरात राहण्याजोगा झाला, बाकीच्या इमारती १८५१ पर्यंत पुऱ्या झाल्या. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली सॉलंटची सामुद्रधुनी पाहून अल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण यायची, म्हणून घर इटालियन पद्धतीचं: सपाट छपरं, दोन उंच मनोरे, समुद्राकडे उतरणाऱ्या गच्च्या. ध्वजाचा मनोरा १०७ फूट, घड्याळाचा ९० फूट. इस्टेट वाढत वाढत २,००० एकरांच्या पुढे गेली. आज लोकांसाठी खुला आहे तो त्यातला काही शे एकरांचा गाभा.

निघण्याआधी दोन संध्याकाळी घरीच काम करा. तिथे गेल्यावर वेळ कमी पडतो, आणि नुसत्या डोळ्यांनी जमीन वाचता येत नाही.

पहिलं काम जुना नकाशा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे मोफत पाहता येतात. नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचे नकाशेही तिथे आहेत. मैलाला २५ इंच मापाची पहिली आवृत्ती उघडा. आइल ऑफ वाइटची ही मोजणी १८६० च्या दशकातली आहे, म्हणजे १८६१ साली अल्बर्ट गेला त्याच सुमारची. त्याच्या हातची रचना त्यात ताजी सापडते. आजच्या उपग्रहचित्रावर जुना नकाशा पसरून त्याची पारदर्शकता कमीजास्त करण्याची सोय तिथेच आहे. या आवृत्तीची मोठी किंमत अशी, की उद्यानातली सुटी झाडं तिच्यात एकेक करून मोजून दाखवली आहेत आणि सूचिपर्णी व रुंद पानांच्या झाडांची चिन्हं वेगळी आहेत. पुढच्या आवृत्त्यांत हा काटेकोरपणा कमी होत गेला. त्यामुळे नंतरच्या नकाशात झाड नाही म्हणून ते तोडलं गेलं, असा निष्कर्ष काढू नका. ही चूक नवखे नेहमी करतात.

नकाशा छापून न्या. प्रमाण १:२५०० आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. ए-३ कागदावर जेमतेम एक किलोमीटर बाय पाऊण किलोमीटर मावतं, म्हणून घर आणि किनारा यांच्यासाठी किमान दोन पानं लागतील. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला की प्रमाण गुपचूप बदलतं आणि दिवसभराची मापं वाया जातात. छापल्यावर नकाशावरची मोजपट्टी फुटपट्टीने तपासून घ्या.

दुसरं, जमिनीचा चढउतार. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याची विमानातून लेसरने केलेली उंचीची मोजणी एक मीटर जाळीची आहे आणि मोफत मिळते. त्यातला झाडं वगळलेला, उघड्या जमिनीचा थर घ्या. गवताखाली बुजलेले बग्ग्यांचे रस्ते, जुने बांध, भराव घालून केलेले सपाट ओटे त्यात उठून दिसतात. छायांकन करताना एकाच दिशेच्या उजेडावर थांबू नका. उजेडाला समांतर जाणाऱ्या रेषा त्यात हरवतात. एकदा वायव्येकडून आणि एकदा ईशान्येकडून उजेड टाका आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा.

तिसरं, चित्रं आणि लिखाण. रॉयल कलेक्शनच्या संकेतस्थळावर विल्यम लेटन लीच आणि जेम्स रॉबर्ट्स यांची ऑस्बोर्नची जलरंगचित्रं आहेत. कुठून काय दिसायचं हे त्यावरून समजतं, पण चित्रकार देखावा मोकळा करून दाखवतो हे लक्षात ठेवा. झाडांच्या संख्येसाठी चित्र नव्हे, नकाशाच धरा. राणीच्या रोजनिशा २०१२ पासून ऑनलाइन आहेत आणि ब्रिटनमधून मोफत वाचता येतात. ऑस्बोर्नच्या वर्षांसाठी तिथे मिळतो तो राणीची मुलगी राजकन्या बीट्रिस हिने उतरवून घेतलेला, काटछाट केलेला मजकूर. मूळ वह्या नष्ट केल्या गेल्या. म्हणून रोजनिशीत एखाद्या कामाचा उल्लेख नाही, याचा अर्थ ते काम झालंच नाही असा होत नाही.

पोहोचायचं कसं, ते पटकन सांगतो. साउथॅम्प्टनहून ईस्ट काउजची मोठी फेरी साधारण तासाभरात पोहोचवते. तिथून यॉर्क अॅव्हेन्यूचा चढ चालत अर्ध्या तासाचा, नाहीतर बस आहे. जलद बोट लवकर पोहोचते, पण ती मेडिना नदीच्या पलीकडे वेस्ट काउजला लागते. मग साखळीवर चालणारा तराफा पकडून अलीकडे यावं लागतं. तो देखभालीसाठी बंद असू शकतो, म्हणून सकाळीच खात्री करा. पोर्ट्समथहून राइडला येऊन बस धरणं हाही सोपा मार्ग आहे. हिवाळ्यात वाडा आठवड्यातले मोजकेच दिवस उघडा असतो. झाडांचा सांगाडा आणि देखाव्यांच्या रेषा पाहायच्या तर पालवी दाट होण्याआधीचा एप्रिल सर्वांत चांगला. भारतातून जाणाऱ्यांनी सुटं तिकीट काढण्याआधी इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठीचा ९ किंवा १६ दिवसांचा पास पाहावा. दोन-तीन जागा करायच्या असतील तर तो परवडतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना तो मिळत नाही, त्यांच्यासाठी वार्षिक सभासदत्व आहे.

आत शिरल्यावर सगळे घराकडे वळतात. तुम्ही किनाऱ्याकडे निघा.

हा उलटा क्रम मुद्दाम सांगतो आहोत. या जागेची सगळी मांडणी समुद्र आणि घर यांच्यातल्या नात्यावर उभी आहे. वरून खाली पाहिलं तर सुंदर देखावा दिसतो. खालून वर चढत आलं, तर तो देखावा कसा घडवला ते दिसतं. शिवाय गच्च्यांकडची, समुद्राकडची बाजू ईशान्येला तोंड करून आहे. दुपारनंतर तिथे ऊन मागून येतं, मग गिलाव्यावरच्या बारीक भेगा फोटोत येत नाहीत. दर्शनी भागाचे कामाचे फोटो हवे असतील तर वर पोहोचायची वेळ सकाळी अकराच्या आत ठेवा, म्हणजे दार उघडताच निघून किनाऱ्यावर अर्धा तास मिळतो. चालणं जड जाणाऱ्यांसाठी छोट्या बसची सोय असते. ती त्या दिवशी चालू आहे का, हे दारातच विचारा.

हा किनारा लोकांना २०१२ पर्यंत बंद होता. राणीचं न्हाणगाडं इथे ठेवलेलं आहे. ३० जुलै १८४७ रोजी ती इथे पहिल्यांदा समुद्रात उतरली. लाकडी गाडं उतरत्या रुळांवरून पाण्यात सोडायचे, आत कपडे बदलून राणी थेट पाण्यात पाऊल ठेवायची. तिच्यामागे ते कोंबड्यांचं खुराडं म्हणून वापरलं गेलं आणि १९५० च्या दशकात दुरुस्त झालं. नोंद करताना म्हणूनच प्रत्येक फळी १८४० च्या दशकातली आहे असं धरू नका. पुढे बसण्यासाठी बांधलेला कोनाडा आहे, १८६९ चा, आत रंगीत नक्षीकाम. राणी इथे बसून लिहायची. त्याच्या बाकावरून समोर पाहा आणि मग मागे वळून उताराकडे पाहा.

या उतारातच इस्टेटीचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. बेटाच्या उत्तर किनाऱ्याची जमीन चिकणमातीची आहे. इथल्या मातीच्या एका थराला भूगर्भशास्त्रात ऑस्बोर्नचंच नाव आहे. चिकणमाती पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पायथा समुद्राने खाल्ला की घसरते. म्हणून अशा इस्टेटीत निचरा हा दागिन्याइतका महत्त्वाचा. अल्बर्टने शेतांत निचऱ्याच्या नळ्या घातल्या आणि वाड्याचं सांडपाणी गाळून खत म्हणून वापरण्याचे प्रयोगही इथेच केले. चालताना उतारावर तीन खुणा शोधा: खोडं बुंध्याशी वाकून वर सरळ झालेली झाडं, गवतात अर्धचंद्राकृती पायरी, आणि जिथे कारण नाही तिथे उगवलेली पाणथळीतली लव्हाळी. तिसरी खूण बहुतेक वेळा फुटलेली किंवा गाळाने तुंबलेली जुनी नळी दाखवते. या जागा नकाशावर पेन्सिलीने मांडा. मोबाइलच्या जीपीएसवर झाडांखाली भरवसा ठेवू नका. उघड्यावर तीन ते पाच मीटर आणि दाट झाडीत त्याहून जास्त फरक पडतो. रस्त्यांच्या फाट्यापासून पावलांनी अंतर मोजणं जास्त खात्रीचं.

वर चढताना झाडं. सदाहरित ओक, देवदाराच्या जातीची सेडर, पाइन आणि बुचाच्या सालीचा ओक अशी निवड अल्बर्टने केली, कारण राजकुटुंबाचा मुक्काम हिवाळ्यातही असायचा आणि त्याला भूमध्य समुद्राकाठचा भास हवा होता. मनोऱ्यावर उभं राहून झेंड्यांच्या खुणांनी तो झाडं कुठे लावायची ते सांगायचा, अशी आठवण सांगितली जाते. रेषा पाहिल्या की ती पटते.

झाडाचं वय काढायचं तर खोडाचा घेर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजा, उतारावर असाल तर वरच्या बाजूने. ब्रिटनमध्ये ढोबळ नियम असा, की मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर वाढतो आणि दाटीत त्याच्या निम्म्याने. म्हणजे मोकळ्यावरच्या झाडाचा घेर साडेचार मीटर भरला, तर ते सुमारे १८० वर्षांचं, अल्बर्टच्या पहिल्या लावणीतलं असू शकतं. 'असू शकतं' एवढंच. सेडर आणि पाइन झपाट्याने जाडी धरतात, दोन खोडं एकत्र वाढली की घेर फसवतो, आणि गाठीवरून फीत नेली की दहा-पंधरा वर्षं फुकटची वाढतात. म्हणून घेर, नकाशावरचं चिन्ह आणि झाडाजवळची पाटी या तिन्हींचा मेळ बसला तरच नोंद पक्की करा. राजघराण्यातल्या माणसांनी प्रसंगाने लावलेली झाडं इथे पुष्कळ आहेत, पण मूळ झाड मेल्यावर त्याच जागी दुसरं लावण्याचीही रीत असते. चालताना तांबड्या खारी दिसल्या तर थांबा. इंग्लंडच्या मुख्य भूमीवर त्या फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत, या बेटावर टिकून आहेत.

सदाहरित ओकबद्दल एक सांगायलाच हवं. या झाडाने बेटावर पुढे स्वतःचा पसारा मांडला. बेटाच्या दक्षिणेला व्हेंटनरच्या टेकड्यांवर ते इतकं माजलं, की १९९३ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा-निसर्ग संस्थेने ते खाऊन काढायला शेळ्या सोडल्या आहेत. ऑस्बोर्नसारख्या जागेत प्रश्न नाजूक होतो. मूळ लावणीतलं झाड वारसा, आणि त्याच्या बीपासून देखाव्याच्या आड उगवलेलं पोर अडथळा. दोन्हींची पानं सारखीच. नकाशाशिवाय दोघांत फरक करता येत नाही. देखाव्याची रेषा तपासायला खालच्या गच्चीच्या मध्यावर उभं राहा, समुद्राच्या दिशेने जुन्या नकाशावर पट्टी ठेवा आणि पट्टीखाली जुनी झाडं किती आणि आजची किती ते मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. व्हिक्टोरियन रचनेचा ऱ्हास बहुधा पडझडीतून नाही, वाढीतून होतो हे तिथे स्वच्छ दिसतं.

आता गच्च्या. तासभर वेळ इथे द्या, खोल्या नंतर. अल्बर्टने त्याचा कलासल्लागार लुडविग ग्रुनर याच्या मदतीने त्या रचल्या. मधल्या अँड्रोमेडाच्या पुतळ्याचा शिल्पकार जॉन बेल, आणि तो राजदांपत्याने १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनातून घेतला. खालच्या गच्चीत शिंपल्यांनी मढवलेला कोनाडा आहे, तो चुकवू नका. भिंतीलगतची मेंदीसारख्या बारीक पानांची मर्टल नजरेत भरत नाही, पण राजघराण्यातल्या नववधूंच्या गुच्छात पिढ्यान् पिढ्या तिचीच डहाळी असते.

पाहणाऱ्याला जो दगड वाटतो त्यातला बराच दगड नाही. वाडा विटांचा, त्यावर सिमेंटचा गिलावा, बाथ शहराजवळच्या दगडासारखा दिसावा म्हणून सांधे पाडलेला. कुंड्या आणि काही मूर्ती ऑस्टिन अँड सीली या कारखान्याच्या कृत्रिम दगडाच्या. बऱ्याच मूर्ती बर्लिनच्या मोरिट्झ गाइसने ओतलेल्या जस्ताच्या. साचे वापरून स्वस्तात आणि पटापट घडवलेलं, नवं तंत्र होतं ते. राजाच्या घरी हे चालतं म्हटल्यावर ब्रिटनभरच्या श्रीमंतांनी तेच उचललं.

बिघडतं ते इथेच. सिमेंटचा गिलावा विटेपेक्षा कडक. वीट आणि पाया हलतात, गिलावा हलत नाही, मग केसासारखी भेग पडते. भेगेतून पाऊस आत जातो, पण कडक थरातून बाहेर सुकून जायला वाट मिळत नाही. आत साठलेल्या ओलीबरोबर क्षार सरकतात, लोणा धरतो, गिलावा भिंतीपासून सुटतो. गवंडी बोटाच्या पेऱ्याने ठोकून पाहतो आणि बद्द आवाज आला की खडूने खूण करतो. इथे पाहुण्यांनी ठोकायचं नाही. त्याऐवजी डोळ्यांनी पाहा: जाळीदार भेगा, एकाच चौकोनाची वेगळी छटा, कठड्याखाली हिरवट ओघळ. ईशान्य बाजूला ऊन कमी मिळतं, तिथे सुकायला वेळ लागतो आणि शेवाळ जास्त. ओघळ कुठून सुरू होतो तिथेच कारण असतं. बहुधा वरच्या थराचा सांधा उघडा असतो किंवा पन्हाळ तुंबलेली असते. गिलाव्यात बसवलेलं लोखंड गंजलं की फुगून आजूबाजूचा तुकडा उडवतं. अशा ठिकाणी तांबूस डाग आधी दिसतो, तुकडा नंतर पडतो.

जस्ताचं दुखणं वेगळं. मूर्ती तुकड्यांत ओतून डाख देऊन जोडलेली असते, आत लोखंडी सांगाडा. खारी हवा आणि ओल मिळाली की जस्त आणि लोखंड एकमेकांशी विजेच्या घटासारखं वागतात आणि जस्त झिजतं. शिवाय जस्त स्वतःच्या वजनाने हळूहळू खचतं, म्हणून घोट्याशी आणि मानेशी पाहा: पाय किंचित वाकलेला, डाखाची रेघ उघडलेली. रंग हाच त्याचा खरा रखवालदार. तो पोपडे धरू लागला की पुढचं नुकसान वेगाने होतं. दूरच्या झूमने तोच भाग तीन कोनांतून टिपा आणि फोटोत एक मीटरची पट्टी जमिनीवर ठेवा. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही.

हा भाग मुंबईच्या माणसाने विशेष लक्ष देऊन पाहावा. समुद्राची हवा, विटेवर कडक सिमेंटचा थर, आत गंजणारं लोखंड, हे आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींचं रोजचं दुखणं आहे.

वाड्यातला मार्ग आखून दिलेला असतो, दीड ते दोन तास धरा. मोठ्या दालनातली मिंटनची फरशी पाहा. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्याच कारखान्याच्या फरशा आहेत, आणि ते संग्रहालय उघडलं तेव्हा त्याला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचंच नाव होतं. बिलियर्डचं टेबल संगमरवराचं वाटतं, ते पाटीच्या दगडावर रंग चढवलेलं आहे. बाहेरच्या गच्चीवरची तीच वृत्ती, घराच्या आत. वरच्या मजल्यावर राणी २२ जानेवारी १९०१ रोजी जिथे गेली ती खोली. कुटुंबाने हे दालन लोखंडी दारं लावून बंद केलं आणि १९५४ पर्यंत लोकांना दाखवलं नाही. बाकीचं घर सातव्या एडवर्डने १९०२ मध्ये देशाला दिलं. काही भागात आजारी अधिकाऱ्यांचं विश्रामगृह झालं, तबेल्यांच्या बाजूला १९०३ ते १९२१ नौदलाचं कॉलेज चाललं. या बंद दारांमुळेच राणीच्या खोल्या इतक्या अस्सल राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नकाशात कॉलेजच्या इमारतींची दाटी दिसते, आज त्यातल्या थोड्या उरल्यात. तबेल्यांभोवतीची सपाट, रिकामी जमीन व्हिक्टोरियन हिरवळ समजू नका.

दरबार रूम शेवटी. बांधकाम १८९०-९१. कल्पनेला मार्गदर्शन जॉन लॉकवुड किपलिंग यांचं. हे किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले, क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पं त्यांचीच, आणि १८७५ ला ते लाहोरच्या मेयो स्कूल या कलाशाळेत गेले. तिथला त्यांचा विद्यार्थी भाई राम सिंग या खोलीचा खरा कर्ता. त्याने आधी राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट याच्या बॅगशॉट पार्क या घरातली बिलियर्डची खोली लाकूडकामाने सजवली होती, आणि तो ड्यूक १८८६ ते १८९० मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. म्हणजे या खोलीचे धागे लाहोरइतकेच मुंबईकडेही येतात. माहिती वाचताना किपलिंग हे नाव मोठं दिसतं. पाहताना राम सिंगचा हात शोधा. शेकोटीवरच्या एका मोराला ५०० तास लागले.

मान वर करून छताकडे जरा जास्त वेळ पाहा. हे कोरीव दगड किंवा लाकूड नाही. राम सिंगच्या नमुन्यांवरून लंडनच्या जॉर्ज जॅक्सन अँड सन्सने कागदी लगदा आणि तागाच्या कापडाचा आधार दिलेलं प्लास्टर यांत ते ओतलं. एक नमुना, मग त्याच्या अनेक प्रती. पुनरावृत्ती कुठे सुरू होते आणि सांधा कुठे लपवलाय ते शोधण्यात मजा आहे. अशा छताचा कच्चा दुवा समोर दिसत नाही, तो वर असतो: प्लास्टरचा तुकडा लाकडी चौकटीला धरून ठेवणाऱ्या तागाच्या गाठी. छप्पर गळलं की ताग कुजतो आणि खालून काहीच कळत नाही. २०१३ च्या डिसेंबरात लंडनच्या अपोलो थिएटरचं छत अशाच जीर्ण झालेल्या तागामुळे कोसळलं. म्हणून अशा खोलीची खरी तपासणी माळ्यावरून करतात. आपण खालून एवढंच पाहायचं: नक्षीची रेषा कुठे खाली झुकली आहे का, आणि सांध्यालगत सरळ भेग आहे का.

कपाटांतली मानपत्रांची पेटारं १८८७ आणि १८९७ च्या राज्यारोहण महोत्सवांतली. आपल्याकडच्या कुठल्या गावाने, कुठल्या संस्थानाने काय पाठवलं हे पाट्या वाचत शोधा. बाहेरच्या दालनात रुडॉल्फ स्वोबोडाने काढलेल्या भारतीय माणसांच्या तसबिरी आहेत. त्यातला कुंभार बक्षीराम आमच्या मते सगळ्या वाड्यातलं सर्वांत जिवंत चित्र.

स्विस कॉटेज (१८५३-५४) घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. मुलं बरोबर असतील तर तिथे जास्त वेळ द्या. नऊही मुलांचे स्वतःचे वाफे, आद्याक्षरं घातलेली छोटी अवजारं आणि हातगाड्या. पिकवलेला भाजीपाला अल्बर्ट बाजारभावाने विकत घ्यायचा. शेजारचा छोटा किल्ला मुलांनी खेळात बांधलेला. सर्वेक्षणाच्या दृष्टीने वाफ्यांची आखणी नकाशाशी ताडून पाहण्यासारखी आहे, इतकी लहान रचना दीडशेहून अधिक वर्षं क्वचित टिकते. परतताना भिंतीआडची बाग घ्या. तिच्या दाराची कमान थांबून पाहा: पाडलेल्या जुन्या ऑस्बोर्न घराचा दर्शनी दरवाजा इथे आणून बसवला आहे. ब्लॅचफोर्डांच्या घराचा एवढाच तुकडा उभा आहे आणि बहुतेक लोक त्याखालून फोन पाहत जातात.

उणिवाही सांगायला हव्यात. पाट्या आणि ध्वनिमार्गदर्शक राजकुटुंबाच्या माणसांबद्दल भरभरून बोलतात, जमिनीबद्दल मोजकं. निचरा, सांडपाणी, शेती हा अल्बर्टच्या कामाचा मोठा हिस्सा, पण पाहुण्याला तो शोधावा लागतो. इस्टेटीतल्या बार्टन मॅनरची शेती १९२२ पासून खाजगी मालकीत आहे, त्यामुळे इस्टेटीचं अर्धं अंग कुंपणापलीकडे राहतं. शेजारचा नॉरिस कॅसल, जिथे लहानपणी व्हिक्टोरिया राहिली आणि बेटाच्या प्रेमात पडली, तोही खाजगी. खाण्यासाठी कॅफे आहे, पण गर्दीच्या दिवशी रांगेत अर्धा तास जातो, आणि तुमचा वेळ मोजका असतो. डबा न्या, किनाऱ्यावर बाकं आहेत.

दोन तास उरले तर व्हिपिंगहॅमचं सेंट मिल्ड्रेड चर्च करा, नाहीतर दर्शन अपुरं राहतं. १८५४ ते १८६२ मध्ये अल्बर्ट आणि आर्किटेक्ट ए. जे. हंबर्ट यांनी ते नव्याने उभारलं, इस्टेटीचं स्वतःचं चर्च म्हणून. आत बीट्रिस आणि तिच्या नवऱ्याची समाधी आहे. ते रोज उघडं नसतं, वेळ आधी पाहा. बाहेरचं अंगण मेडिना नदीवर उतरतं, आणि तिथून ऑस्बोर्नची पश्चिमेकडची बाजू कळते, जी पाहुण्यांच्या मार्गात कुठेच येत नाही. नकाशाचं तिसरं पान त्यासाठी ठेवा. संध्याकाळी बसची वारंवारता कमी होते, म्हणून चर्चहून निघायची वेळ फेरीच्या दीड तास आधी धरा.